'हे काय आहे?' : मेंदूत गाठ असलेल्या रुग्णाला असे साधे प्रश्न का विचारतात?

एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली आहे. ऑपरेशनची तारीख ठरतेय. घरात कुणाचं जेवणाकडे लक्ष नाही. अशा दिवसांत हॉस्पिटलच्या एका खोलीत तुम्हाला टेबलासमोर बसवतात, कंगव्याचं चित्र दाखवतात आणि विचारतात, "हे काय आहे?" मग चमचा, मग कासव, मग कुलूप. आज वार कोणता? एका मिनिटात 'क'पासून सुरू होणारे जमतील तेवढे शब्द सांगा. तास-दीड तास हे चालतं, आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं की इथे जिवाशी गाठ आहे आणि हे लोक बालवाडीची परीक्षा घेतायत.

गणिताचे एक निवृत्त शिक्षक यावरून माझ्यावर चांगलेच रागावले होते. शंभरातून सात वजा करत जा, असं म्हटल्यावर म्हणाले, "डॉक्टर, गाठ मेंदूत आहे, मला वेड लागलेलं नाही." त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "अहो, विचारतायत तर सांगा ना." त्यांनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट असं एका दमात म्हणून दाखवलं आणि माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मग मी विचारलं, "सर, वीस मिनिटांपूर्वी मी तुम्हाला चार ओळींची एक गोष्ट वाचून दाखवली होती. त्यातलं काय आठवतं?" ते बराच वेळ गप्प बसले. गोष्टीतलं काही आठवत नव्हतं. गोष्ट ऐकली होती, हेही नीट आठवत नव्हतं.

त्यांना जे प्रश्न विचारले त्यांना दीडशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. प्रत्येक प्रश्नामागे कुणीतरी एक रुग्ण आहे, ज्याचं काहीतरी हरवलं आणि ते आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. तो इतिहास माहीत असला की या परीक्षेचा राग थोडा कमी होतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून आज तो सांगतो.

सुरुवात गाठीपासून होत नाही. 1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबॉर्न नावाचा एक रुग्ण होता. वय 51, वीसहून जास्त वर्षं तिथेच. काहीही विचारलं तरी तो 'टां, टां' एवढंच म्हणायचा, म्हणून सगळे त्याला टां याच नावानं ओळखायचे. समजत मात्र बरंच होतं, हातवारे करून तो उत्तरं द्यायचा. पॉल ब्रोका या सर्जननं त्याला तपासलं आणि थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोकानं मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात, फ्रंटल लोबमध्ये, इजा दिसली. ती गाठ नव्हती. पण बोलण्याचं काम मेंदूच्या एका ठरावीक जागी चालतं, हे त्यातून पुढे आलं. 1874 साली जर्मनीत कार्ल वेर्निकेनं उलट प्रकारचे रुग्ण दाखवले. ते भराभर बोलायचे, पण बोलण्यात अर्थ नसायचा आणि दुसऱ्याचं बोलणं त्यांना कळायचं नाही. आज आम्ही एकदा 'हे काय आहे?' विचारतो आणि एकदा 'उजव्या हातानं डावा कान धरा' सांगतो. बोलता येणं आणि समजणं ही दोन कामं वेगळी आहेत आणि ती वेगवेगळी बिघडू शकतात, म्हणून दोन्ही तपासावी लागतात.

टांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. खूप चिडला की त्याच्या तोंडून एक फ्रेंच शिवी स्पष्ट बाहेर पडायची. लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन या न्यूरॉलॉजिस्टनं अशा रुग्णांवर बराच विचार केला. पाठ असलेलं, सवयीचं किंवा भावनेच्या भरात आपोआप येणारं बोलणं एक, आणि विचार करून नवं वाक्य जुळवणं दुसरं, हा फरक त्यानं दाखवला. हे मी मुद्दाम सांगतोय. "आजोबा रोज रामरक्षा न चुकता म्हणतात, मग त्यांच्या वाचेला काय झालंय?" असं घरचे मला नेहमी विचारतात. रामरक्षा, पाढे, आरत्या, महिन्यांची नावं हे सगळं पाठांतर शाबूत राहूनही 'पाण्याचा तांब्या दे' हे वाक्य अडू शकतं.

आता गाठीकडे येऊ. 25 नोव्हेंबर 1884 रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या सर्जननं 25 वर्षांच्या एका स्कॉटिश शेतकऱ्याची कवटी उघडून मेंदूतली गाठ काढली. एक्स-रेचा शोध लागायला अजून अकरा वर्षं होती. मग कवटी नेमकी कुठे उघडायची, हे कळलं कसं? त्याचे डॉक्टर ह्यूज बेनेट यांनी त्याच्या तक्रारींवरून ते ताडलं होतं. आधी चेहऱ्याची डावी बाजू आणि जीभ थरथरायची, मग फिट येऊ लागल्या, मग डावा हात कमजोर झाला. डाव्या अंगाचा कारभार उजवा मेंदू पाहतो, आणि हात-चेहरा हलवणारी पट्टी साधारण कुठे असते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून नुकतंच समजलं होतं. बेनेट यांनी सांगितलेल्या जागी गाठ सापडली. रुग्ण मात्र सुमारे महिन्याभरात जंतुसंसर्गानं गेला. तेव्हा प्रश्न विचारणं आणि तपासणं हाच डॉक्टरांचा स्कॅन होता. सगळी तपासणी 'गाठ कुठे आहे?' या एका प्रश्नासाठी होती.

गाठ काढल्यावर माणसाचं काय होतं, हा दुसरा प्रश्न विचारायला आणखी चव्वेचाळीस वर्षं लागली. तो सर्वांत वेदनादायक रीतीनं एका सर्जनच्या स्वतःच्या घरात उभा राहिला.

वाइल्डर पेनफिल्ड हे 1928 साली कॅनडात माँट्रियलला आले. त्याआधी जर्मनीत ब्रेस्लाऊ इथे ऑटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडे ते एक विशेष पद्धत शिकले होते. फक्त कवटीवरच्या त्वचेला बधिर करायचं, रुग्णाला जागं ठेवायचं आणि त्याच्याशी बोलत बोलत मेंदूवर काम करायचं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत, म्हणून हे शक्य होतं. माँट्रियलला येऊन काही महिने झाले होते, आणि त्यांची थोरली बहीण रुथ त्यांच्याकडे आली. तिला कित्येक वर्षांपासून फिट यायच्या. तपासणीत मेंदूच्या उजव्या बाजूला पुढच्या भागात मोठी गाठ निघाली. डिसेंबर 1928 मध्ये पेनफिल्ड यांनी स्वतः तिचं ऑपरेशन केलं. उजव्या फ्रंटल लोबचा बहुतेक भाग काढावा लागला, तरी गाठ पूर्ण निघाली नाही.

रुथ बरी होऊन घरी गेली. बोलणं ठीक, चालणं ठीक, स्मरण ठीक, स्वभाव तसाच प्रेमळ. त्या काळच्या कुठल्याही परीक्षेत ती पास झाली असती.

साधारण सव्वा वर्षानं पेनफिल्ड तिच्याकडे जेवायला गेले. एक पाहुणा आणि घरची चार माणसं, एवढाच स्वयंपाक होता. त्या दिवसाची ती आतुरतेनं वाट पाहत होती, सकाळपासून तयारीला लागली होती. भाऊ पोचला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. सगळं सामान काढून ठेवलेलं होतं, एक-दोन पदार्थ शेगडीवर होते. पण सॅलड तयार नव्हतं, मांस शिजवायला सुरुवातही झाली नव्हती, आणि एकटीनं एवढा वेळ धडपडून ती गोंधळून, रडकुंडीला आली होती. सगळे पदार्थ एका वेळी तयार करणं तिला जमतच नव्हतं. कुणीतरी मदतीला उभं राहिल्यावर मात्र थोड्याच वेळात स्वयंपाक झाला.

हा प्रसंग पेनफिल्ड यांनी नंतर वैद्यकीय लेखात लिहिला. 1935 साली 'ब्रेन' या नियतकालिकात, मेंदूचा पुढचा भाग काढलेल्या रुग्णांच्या वर्णनात, तो आला आहे. दरम्यान 1930 मध्ये रुथची गाठ परत वाढली, बॉस्टनला हार्वे कुशिंग यांनी दुसरं ऑपरेशन केलं, आणि 1931 मध्ये ती गेली.

हा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्याकडच्या कितीतरी घरांची आठवण झाली. "आईला हल्ली स्वयंपाक झेपत नाही" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. प्रत्येक पदार्थ तिला येतो. भाजी येते, आमटी येते, पोळ्या येतात. पण कुकर लावून कणीक भिजवायची, तेवढ्यात फोडणी करायची, कुकरच्या शिट्ट्यांकडे कान ठेवायचा आणि माणसं पानावर बसेपर्यंत पोळ्या गरम राहतील असं बघायचं, हे सगळं एकत्र बांधणं जमत नाही. घरचे म्हणतात वय झालं, टेन्शन आलं, मनच लागत नाही. कधी तसं असतंही. पण मेंदूत पुढच्या बाजूला गाठ असेल तर ही तक्रार डॉक्टरांना सांगायलाच हवी, मग ती कितीही घरगुती वाटो.

पेनफिल्ड यांनी 1934 मध्ये माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू केली. तिथे डोनाल्ड हेब हे मानसशास्त्रज्ञ आले आणि त्यांनी अशा रुग्णांची बुद्ध्यंकाची, म्हणजे आयक्यूची परीक्षा घेतली. निष्कर्ष चक्रावणारा होता. फ्रंटल लोबचा मोठा भाग काढूनही आयक्यू नॉर्मल येत होता! याचे दोन अर्थ निघू शकत होते. एक तर मेंदूच्या त्या भागाला फारसं काम नाही, किंवा मग परीक्षाच चुकीची आहे. रुथच्या स्वयंपाकघरात जे दिसलं होतं ते पाहता दुसरा अर्थ खरा होता, पण ते कागदावर दाखवायला वेगळी परीक्षा लागणार होती.

ते काम ब्रेंडा मिल्नर यांनी केलं. त्या मूळच्या इंग्लंडच्या, 1950 च्या सुमारास या संस्थेत आल्या. मेंदूवर ऑपरेशन झालेल्या रुग्णांना त्यांनी पत्ते लावायचा एक खेळ दिला. पत्त्यांवर आकृत्या असतात, आणि त्या रंगानुसार, आकारानुसार किंवा संख्येनुसार लावता येतात. नियम सांगत नाहीत, फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच सांगतात. रुग्णाला नियम सापडला, सलग दहा पत्ते बरोबर लागले, की परीक्षक गुपचूप नियम बदलतो. 1963 साली मिल्नर यांनी दाखवलं की फ्रंटल लोबचं ऑपरेशन झालेले रुग्ण जुना नियम सोडतच नाहीत. 'चूक, चूक' ऐकूनही रंगानुसारच लावत राहतात. काही जणांना तर आपण चुकतोय हे कळत असतं, तोंडानं ते म्हणतातही, पण हात मात्र जुन्याच गठ्ठ्याकडे जातो. आयक्यूच्या जाळीतून जे निसटलं होतं ते इथे सापडलं. आज तुमच्यासमोर असे पत्ते ठेवले, किंवा कागदावर 1 पासून अ, अ पासून 2, 2 पासून आ अशी रेघ ओढायला सांगितली, तर तो खेळ रुथच्या त्या दिवसाच्या स्वयंपाकाला मोजण्याचा प्रयत्न आहे, असं समजा.

याच मिल्नर यांनी स्मरणशक्तीचा एक मोठा धडा जगाला दिला. 1953 मध्ये अमेरिकेत एका तरुणाच्या फिट थांबवण्यासाठी मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढण्यात आला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाचा भागही गेला. फिट कमी झाल्या, बुद्धी शाबूत राहिली, पण नवी आठवण साठणं कायमचं बंद झालं. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले तर त्याला ते नवे वाटायचे. आमच्या शिक्षकांना ती चार ओळींची गोष्ट मी वीस मिनिटांनी का विचारली, याचं कारण हे. लगेच विचारली असती तर त्यांनी सांगितली असती. त्यांची गाठ डाव्या टेम्पोरल लोबमध्ये, कानाच्या आतल्या अंगाला, याच भागाच्या शेजारी होती.

आता ऑपरेशन टेबलावर जाऊ. जागेपणी मेंदूचं ऑपरेशन म्हटलं की रुग्ण घाबरतात, ते साहजिक आहे. पेनफिल्ड रुग्णाला चित्रं दाखवायचे आणि त्याच वेळी मेंदूच्या एका बिंदूवर अगदी सौम्य वीजप्रवाह द्यायचे. त्या प्रवाहानं तेवढी जागा काही क्षण बंद पडते. एकदा फिट्सच्या एका रुग्णाला फुलपाखराचं चित्र दाखवलं. तो गप्प. वैतागून चुटक्या वाजवू लागला. वीज काढल्याबरोबर 'फुलपाखरू' म्हणाला आणि सांगू लागला की तो शब्द सापडेना म्हणून दिव्याभोवतीच्या पाखराचा शब्द आठवून पाहिला, तर तोही येईना. चित्र ओळखलं होतं, तोंड हलत होतं, हरवला होता फक्त शब्द. अशा जागेवर पेनफिल्ड कागदाची छोटी क्रमांकाची चिठ्ठी ठेवायचे, म्हणजे ती जागा कापायची नाही.

पुढे अमेरिकेत सिएटलच्या जॉर्ज ओजेमान यांनी हे काम नेटानं केलं. 1989 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 117 रुग्णांचे नकाशे एकत्र मांडले. पुस्तकातल्या आकृतीत भाषेचे दोन मोठे प्रदेश रंगवलेले असतात, तसं काही निघालं नाही. शब्दांच्या जागा बऱ्याचदा एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या, आणि प्रत्येकाच्या वेगळ्या ठिकाणी. म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा नकाशा तुमच्या कामाचा नाही. 2008 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गटानं ग्लायोमा या प्रकारच्या गाठीच्या 250 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. जागेपणी भाषा तपासत ऑपरेशन केलेल्या या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी जे 243 जण हयात होते, त्यांच्यातल्या फक्त चौघांना भाषेचा कायमचा दोष राहिला होता. सुरुवातीच्या दिवसांत बोलणं अडखळणारे याहून बरेच होते, पण बहुतेकांचं सुधारलं. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलणं बिघडलेलं पाहून घरचे खचतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

ऑपरेशनच्या आधी चित्रं का दाखवतात, याचं उत्तर इथे आहे. टेबलावर तुम्ही 'कासव' म्हणाला नाहीत, तर तो विजेचा परिणाम की तुम्हाला तो शब्द आधीपासूनच येत नव्हता, हे कसं कळणार? म्हणून जी चित्रं आदल्या दिवशी पटकन ओळखता आली तेवढीच आत नेतात.

यात एक मराठी गंमत आहे. इंग्रजीत रुग्णाला नुसतं 'कासव' म्हणू देत नाहीत, 'हे एक अमुक आहे' असं पूर्ण वाक्य म्हणायला लावतात. वाक्याची सुरुवात आली आणि शब्द अडला, तर दोष शब्दात. सगळंच बंद झालं, तर बोलण्याची यंत्रणाच थांबली. मराठीत मात्र हा पंखा, ही वाटी, हे फूल! वस्तूचं लिंग मनात आल्याशिवाय वाक्य सुरूच होत नाही. शब्द न सापडणारा माणूस पहिल्याच अक्षराला अडतो, किंवा कधी कधी 'ही... ही...' म्हणून थांबतो. तेव्हा शब्द हरवलाय, पण तो स्त्रीलिंगी आहे हे त्याला ठाऊक असतं. दुसऱ्या भाषेतली चाचणी नुसती भाषांतर करून वापरता येत नाही ती अशा कारणांमुळे. 'क'पासून शब्द सांगा म्हटलं की आमचे रुग्ण विचारतात, "कि, की, कु चालेल का?" चालतं, सगळी बाराखडी चालते, पण हे आधी सांगावं लागतं.

आणि तपासायचं कुठल्या भाषेत? घरी मालवणी, शाळेत मराठी, कामावर हिंदी, मोबाइलवर इंग्रजी असा माणूस आपल्याकडे काही विरळा नाही. फ्रान्समध्ये 1880 च्या दशकात रिबो यांचं मत होतं की सर्वांत आधी शिकलेली भाषा टिकते. 1895 साली पित्र यांनी सांगितलं की सर्वांत जास्त वापरातली भाषा आधी परतते. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारचे रुग्ण भेटतात. ओजेमान आणि व्हिटेकर यांनी 1978 मध्ये दोन भाषा बोलणाऱ्या रुग्णांच्या मेंदूवर तपासून दाखवलं की काही जागा दोन्ही भाषांना सामायिक असतात, तर काही जागांवर एकच भाषा अडते. तेव्हा 'त्यांना हिंदी येतं, हिंदीत विचारा' असं सोयीसाठी म्हणू नका. रागावताना, हिशेब करताना, नातवंडांशी खेळताना ते कुठली भाषा बोलतात ते सांगा. बोली असेल तर ती सांगायला लाजू नका. डावखुरे आहात का, हेही त्यासाठीच विचारतात. उजव्या हातानं काम करणाऱ्यांपैकी जवळपास 96 टक्के लोकांची भाषा डाव्या मेंदूत असते, डावखुऱ्यांत हे प्रमाण सुमारे 70 टक्के. हे आकडेही माँट्रियलचेच, 1977 चे. लहानपणी मारून उजव्या हातानं लिहायला लावलेले डावखुरे आपल्याकडे पुष्कळ आहेत, तेही सांगायला हवं.

"गाठ उजव्या बाजूला आहे, मग भाषेला धोका नाही, सुटलो," असंही ऐकायला मिळतं. रुथची गाठ उजवीकडेच होती. 2005 साली फ्रान्समध्ये जागेपणीच्या ऑपरेशनात दोन रुग्णांना एका आडव्या रेघेचा मध्य दाखवायला सांगितला. उजव्या मेंदूच्या ठरावीक जागी वीज दिली की त्यांचा मध्य उजवीकडे सरकायचा. डावीकडचं जग त्यांच्या हिशेबातून थोडं निसटत होतं. स्कूटर चालवणाऱ्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनजवळच्या एका रुग्णालयात जगातल्या पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. फ्रंटल लोबमध्ये गाठ असल्याचा संशय होता, आणि स्कॅनमध्ये ती दिसली. त्या दिवसापासून 'गाठ कुठे आहे?' हे प्रश्नोत्तरांवरून ताडायची गरज संपत गेली. परीक्षा तेव्हाच बंद पडली असती, असं वाटेल. झालं उलटं. आता तिला दुसरं काम मिळालं होतं: या माणसाकडे आज काय काय आहे, आणि उपचारांनंतर त्यातलं काय टिकलं, हे पाहायचं.

मग पहिलं कामही थोडं परत आलं. ह्यूस्टनच्या ख्रिस्टिना मेयर्स आणि केनेथ हेस यांनी 2003 साली दाखवलं की गाठ परत वाढताना अनेक रुग्णांचे परीक्षेतले गुण एमआरआयमध्ये बदल दिसण्याआधीच उतरतात. 2002 साली नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी सावकाश वाढणाऱ्या गाठीच्या 195 रुग्णांची बरीच वर्षांनी परीक्षा घेतली. विचारशक्तीवरचा मोठा परिणाम मुख्यतः गाठीमुळेच होता. रेडिएशनचा रोजचा डोस 2 ग्रेपेक्षा मोठा असेल तर स्मरणशक्तीवर त्याचा परिणाम दिसला, आणि फिट्सच्या औषधांचाही थोडा दिसला. म्हणून औषधं स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. 2020 साली 518 रुग्णांच्या एका अभ्यासात, मेंदूत पसरलेल्या कॅन्सरला रेडिएशन देताना हिप्पोकॅम्पस वाचवला तर विचारशक्ती कमी बिघडते, असं आढळलं. मोजलं कशानं? अशाच शब्दांच्या याद्या आणि रेघा ओढण्याच्या परीक्षांनी.

एक सावधगिरी. तीस गुणांची दहा मिनिटांची जी छोटी परीक्षा बऱ्याच ठिकाणी घेतात, ती 1975 साली अमेरिकेत वेगळ्या प्रकारच्या रुग्णांसाठी तयार झाली. गाठीच्या रुग्णांतले बारीक दोष तिच्यात अनेकदा पकडले जात नाहीत. शिवाय ती लिहिता-वाचता येणाऱ्यांची आहे. 1995 साली हरयाणातल्या बल्लभगढ भागातल्या, बहुतांश निरक्षर असलेल्या वृद्धांसाठी तिचं हिंदी रूप बनवावं लागलं ते त्यामुळेच. 'तीसपैकी एकोणतीस, काही प्रॉब्लेम नाही' असं कुणी सांगितलं आणि घरी तुम्हाला काही वेगळं दिसत असेल, तर घरी दिसतंय ते सांगा.

परीक्षेला येताना चष्मा आणि कानाचं यंत्र आणा. आदल्या रात्री झोप हवी. फिटच्या आणि सूज कमी करायच्या गोळ्या कधी सुरू झाल्या ते लिहून आणा, कारण सूज उतरली की बोलणं चार दिवसांत सुधारू शकतं आणि गुण बदलतात. इंटरनेटवरून सराव करून येऊ नका, त्यानं तुमचंच नुकसान होतं, पुढची तुलना बिघडते. आणि काकू, काका, ताई, दादा, कृपा करून शेजारी बसून ओठांनी उत्तर सुचवू नका! मला माहीत आहे, ते बघवत नाही. पण ते न बघवणारंच आम्हाला पाहायचं असतं.

शिक्षकांना मी शेवटी विचारलं, "सर, ऑपरेशननंतर काय करता आलं नाही तर तुम्हाला सर्वांत जास्त सलेल?" मला वाटलं, गणित म्हणतील. ते म्हणाले, रोज संध्याकाळी वाड्यातली सात-आठ पोरं येतात, त्यांची नावं विसरलो तर. मग ऑपरेशनच्या चित्रांच्या गठ्ठ्यात त्यांच्या पत्नीनं आणून दिलेले त्या पोरांचे फोटोही घातले. टेबलावर कासव, कुलूप, कंगवा झाल्यावर ते फोटो दाखवले. एका जागी सर अडले. सर्जननं तिथे चिठ्ठी ठेवली आणि वाट बदलली. तीन महिन्यांनी परत परीक्षा घेतली तेव्हा चार ओळींच्या गोष्टीतल्या दोन त्यांना आठवल्या, आणि मुलांची सगळी नावं, त्यांच्या आडनावांसकट. दोन्ही परीक्षांचे कागद त्यांनी फाइलमध्ये एमआरआयच्या शेजारी लावून ठेवले आहेत. तुम्हीही तसेच ठेवा, पुढच्या प्रत्येक भेटीला ते लागतात.